पाइनच्या पोटातली करवत

मी करवत. झाडातून बोलतेय. झाडाविषयी नव्हे, झाडातून. माझं निम्मं अंग एका जुन्या पाइनच्या पोटात रुतलंय आणि दोन्ही बाजूंना माझ्या लाकडी मुठी बाहेर आलेल्या आहेत, कान टवकारल्यासारख्या. वाटेनं येणारे-जाणारे थांबतात, फोटो काढतात, "अरेरे, कुणी विसरून गेलं वाटतं," म्हणतात. एखादा दांडगट मूठ धरून हिसका देऊन बघतो.

मी हलत नाही. आणि ते 'अरेरे' तुमचं तुमच्याजवळ ठेवा. मला कुणी विसरलेलं नाही.

जन्माची गोष्ट लवकर उरकते. आगीतून जन्मले, घणाचे घाव सोसले, असलं रडगाणं मी गाणार नाही. सगळं लोखंड आगीतूनच येतं, त्यात कसलं कौतुक? कारखान्यात पोलादाच्या लांब पत्र्यातून मला कापलं, दात पाडले, दोन टोकांना मुठी ठोकल्या आणि माझ्यासारख्याच बहिणींबरोबर उत्तर मिनेसोटाला धाडून दिलं. मुठी दोन, कारण मी एका माणसाची नाहीच. मला दोघं लागतात. एक इकडे, एक तिकडे, मध्ये झाड.

माझा पहिला मालक हॉल्वर ट्वेट. नॉर्वेहून आलेला. हिवाळाभर लाकूडतोड्यांच्या छावणीत राहायचा, मिशीवर बर्फ आणि खिशात माझ्यासाठी रॉकेलची बाटली. पाइनच्या चिकानं मी चिकटायला लागले की चार थेंब टाकायचा आणि पुन्हा ओढायचा. मी कापलं. एखाददुसरं झाड नव्हे, रानंच्या रानं कापली. टेकड्या बोडक्या केल्या. नदी ओंडक्यांनी इतकी भरायची की पाणी दिसायचं नाही.

लोकांना वाटतं मी आता मान खाली घालावी. पुढे मी भिंतीवर टांगलेली होते, तेव्हा एक पाहुणी बाई मला बघून म्हणाली होती, "बिचारीच्या माथ्यावर किती झाडांचं पाप असेल!" बाई, माझ्या दोन्ही टोकांना माणसं होती. तुमच्या घराचं छप्पर कशाचं आहे ते आधी बघा, मग माझ्याशी बोला.

मग दोरी ओढली की भुंकणारी, पेट्रोल पिणारी करवत आली. हॉल्वरनं मला गोठ्यात आडवं टांगलं. पुढची कित्येक वर्षं कोंबड्या माझ्या पाठीवर बसल्या आणि कोंबड्या बसल्या जागी जे करतात ते त्यांनी केलं.

तिथून मला खाली काढलं हॉल्वरच्या मुलानं, ऑर्विलनं. तेव्हा तो तरुण होता. आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण होता. केस मानेपर्यंत, आवाज खणखणीत, आणि बापाशी बोलणं बंद.

झालं होतं असं, की गावच्या लूथरन चर्चला कुणा शेतकऱ्यानं मरताना रानाच्या कडेची जमीन देऊन टाकली होती. त्या जमिनीतून एक पायवाट सरोवरापर्यंत जाते. सरोवराच्या पलीकडे सरकारी राखीव रान. तिथं कायद्यानंच इंजिन बंद. मोटर नाही, सायकलसुद्धा नाही. होडी वल्ह्यानं हाकायची आणि एक सरोवर संपलं की खांद्यावर घेऊन पुढच्या सरोवरापर्यंत चालायचं. चर्चची जमीन म्हणजे त्या रानाचं दार. पण या दाराला कायद्याचं कुलूप नव्हतं. तिथं काय करायचं ते चर्चच्या मंडळींनीच ठरवायचं.

एका हॉटेलवाल्याला त्या वाटेवरून सरोवरापर्यंत डांबरी रस्ता हवा होता. चर्चमधले तेव्हाचे म्हातारे तयार होते, हॉल्वरसकट. म्हातारे नेहमीच तयार असतात. पण वाटेच्या सुरुवातीलाच एक चिंचोळी जागा आहे. एका बाजूला घराएवढा खडक, दुसऱ्या बाजूला दलदल, आणि मधोमध हा पाइन. माणूस त्याला वळसा घालून जातो, गाडी जाऊ शकत नाही. ऑर्विल, गावातलीच एक मुलगी अर्डिस आणि त्यांच्या वयाची आणखी काही पोरं त्या पाइनला पाठ लावून उभी राहिली.

"चर्चच्या जमिनीवर इंजिन चालणार नाही," त्यांनी खोडावर हात ठेवून शपथ घेतली. "वाट दर उन्हाळ्यात आम्ही हातानं मोकळी करू."

"पोरं बिघडली," म्हातारे म्हणाले. "देवाच्या घरात दंगा करतात."

बिघडलेलीच होती. म्हणून तर रान वाचलं.

आणि मग माझे खरे दिवस आले. हिवाळ्यात वादळानं आडवी केलेली झाडं वाटेवर पडलेली असायची. ऑर्विल एका मुठीला, अर्डिस दुसऱ्या. ऑर्विल प्रत्येक नवख्याला पहिला धडा एकच द्यायचा, "ओढायचं, ढकलायचं नाही. आपली पाळी झाली की हात सैल सोडायचा. समोरच्याला त्याची पाळी घेऊ द्यायची. ढकललंत की ही वाकते, आणि वाकली की कुणाच्याच कामाची राहत नाही." डास चावायचे, काळ्या माश्या कानामागून रक्त काढायच्या, आणि ही माणसं चार आवाजांत देवाची गीतं म्हणत मला ओढायची. ज्या हातांनी उभं रान आडवं केलं त्यांच्याच पोरांच्या हातांनी मी आता आडवं झालेलं बाजूला सारत होते. मला सुख झालं असेल का? झालं. सांगायला लाज वाटत नाही.

पण झाड म्हातारं झालं की रुंद होतं, आणि माणूस म्हातारा झाला की समितीत जातो.

यांची समिती झाली. 'सृष्टी जतन समिती'. वाटेवर येणारे हात कमी होत गेले आणि तळघरातल्या खुर्च्या वाढत गेल्या. समितीनं वसुंधरेसाठी प्रार्थना ठेवली. बाहेर थंडी म्हणून मोठमोठ्या गाड्यांची इंजिनं प्रार्थना संपेपर्यंत चालूच. प्लास्टिकच्या विरोधात व्याख्यान ठेवलं. त्यानंतरचं जेवण प्लास्टिकच्या ताटल्यांत. दारावर फलक लागला, 'आम्ही निर्मात्याच्या निर्मितीचे राखणदार'. फलकाचा खिळा ठोकायलासुद्धा बाहेरचा माणूस बोलावला होता.

या सगळ्यांत वाटेवर येणारी एक राहिली होती. रागना. अर्डिसची नात. शाळेत असल्यापासून ती ऑर्विलबरोबर यायची. ऑर्विलनं तिला कानस धरायला शिकवलं, माझा एकेक दात घासायला शिकवलं. त्याचे गुडघे गेल्यावर तिनं इकडून तिकडून मित्रमैत्रिणी गोळा केल्या, त्यांना शिव्या घालत शिकवलं, आणि शपथ कशीबशी जिवंत ठेवली. शपथ तिनं घेतलेली नव्हती, हे लक्षात घ्या. ज्यांनी घेतली होती ते तळघरात कॉफी पीत होते.

मग ती शहरात कॉलेजला गेली. आणि ती नसताना अर्डिसनं मला रंगवलं.

हो, रंगवलं. इकडे ही एक खोडच आहे. जुनी करवत दिसली की तिच्यावर चित्र काढायचं आणि भिंतीला लावायचं. एकेकाळी माझी मूठ धरून घाम गाळणाऱ्या अर्डिसनं माझ्या पात्यावर दाट तेलरंगाचे तीन हात दिले. नारिंगी सूर्यास्त, निळं सरोवर, त्यात एक लून पक्षी, आणि काठावर हाच पाइन. मग मला चर्चच्या तळघरात कॉफीच्या पिंपाच्या वर लटकवलं, खाली पाटी लावली, 'सृष्टीच्या गौरवार्थ अर्पण'. जिवंत माणसाच्या तोंडाला मेकअप करून शवपेटीत घालावं तसं.

हिवाळ्याच्या मध्यावर रागना कॉलेज अर्ध्यावर सोडून परत आली. तळघरात शिरली आणि मला बघून जागीच थांबली.

"आजी, हे काय केलंस?"

"गंजत होती गं. आता किती छान दिसते!"

"ती करवत आहे. ताट नाही."

"अर्पण केलंय आता. पास्टरांनी प्रार्थनासुद्धा केली तिच्यावर," अर्डिस म्हणाली आणि बटाट्याची लेफ्सा-पोळी तिच्यापुढे सरकवली. "खा. किती वाळलीस."

अर्पण केलेलं परत घेता येत नाही म्हणे. पुढचा उन्हाळा रागनानं एका लहान गंजक्या करवतीवर काढला.

आता या लोकांची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. यांना मनापासून नाही म्हणता येत नाही. कॉफीला तीनदा नाही म्हणतील. पहिल्यांदा 'नको', दुसऱ्यांदा 'कशाला उगाच', तिसऱ्यांदा 'बरं, तुम्हाला त्रास होणार नसेल तर'. ताटलीतली शेवटची वडी कुणी उचलणार नाही. निम्मी कापतील, मग त्या निम्म्याची निम्मी, शेवटी मुंगीच्या वाटणीचा तुकडा उरेल. पण जिथं खरोखर नाही म्हणायचं असतं तिथं सगळे मूग गिळून बसतात. एखादी गोष्ट अगदीच भिकार वाटली तर म्हणतात, 'वेगळं आहे.' याहून मोठी शिवी यांच्या तोंडून मी ऐकलेली नाही.

पास्टर लायल दक्षिणेकडून आलेला, नवा. मनाचा वाईट नाही, पण दर महिन्याला त्याला एक कल्पना सुचते. एका रविवारी प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी चालू असताना तो उभा राहिला.

"यंदाची सरोवराकाठची प्रार्थना ऑर्विलना चुकली. गुडघ्यांमुळे. हे मला फार लागलं," तो म्हणाला. "कुणीच मागे राहू नये. म्हणून समितीपुढे सूचना आहे, सरोवरापर्यंत सपाट रुंद वाट करायची. बॅटरीच्या गाड्या जातील. काठावर दगडी बाकं, त्यांवर आपल्या ज्येष्ठांची नावं. गाड्या उभ्या करायला थोडी जागा. आणि एखादा कर्णा, मागच्यांना ऐकू जावं म्हणून."

"आणि पाइन?" रागनानं विचारलं.

"पाइन वाटेत येतोय."

"वाट पाइनच्या वाटेत येतेय. तो आधी आलाय."

पास्टर हसला. "शपथ आपण पाळणारच आहोत. इंजिन नाही म्हणजे नाही. बॅटरीला कुणी इंजिन म्हणत नाही. आणि झाडसुद्धा यंत्रानं नाही कापायचं. हातानं. आदरानं. प्रार्थना म्हणून." त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्यानं."

माझ्या पात्यावर तो पाइन रंगवलेला होता. आणि माझ्यानंच तो पाडायचा होता. एवढी अक्कल फक्त समितीलाच सुचू शकते.

"कुणाची हरकत?"

कॉफीचं पिंप गुरगुरलं. अर्डिसनं समोरच्या वडीचे दोन तुकडे केले.

"वेगळी कल्पना आहे," ती म्हणाली.

"असंही करता येईल म्हणायचं," चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष डेलमर म्हणाला आणि छताकडे बघू लागला.

"ऑर्विल, तुम्हाला काय वाटतं?"

ऑर्विलनं कपात बघितलं. "माझ्यासाठी कुणी त्रास घेऊ नये."

इथल्या कोणालाही कळलं असतं की हा माणूस नाही म्हणतोय. पास्टर इथला नव्हता. त्याला वाटलं, किती विनय! त्याचे डोळे भरून आले.

"माझी हरकत आहे," रागना म्हणाली. "मोठ्यानं आहे. ऐकू येत नसेल तर खुर्चीवर चढून सांगते."

"कॉलेज अर्ध्यावर टाकून आलीस आणि आम्हाला शिकवतेस होय?" डेलमर म्हणाला.

"मी सोडलं ते तोंडानं सांगून सोडलं, डेलमर. तुम्ही शपथ सोडताय, आणि वर गीत म्हणून."

"रागना, आवाज!" अर्डिसनं दटावलं.

"माझा आहे जागेवर. तुझा कुठं गेला, आजी? एकेकाळी होता म्हणे."

अर्डिसनं वडीच्या तुकड्याचे आणखी दोन तुकडे केले. मग हात वर झाले. प्रत्येकानं आधी शेजाऱ्याकडे बघितलं, शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याकडे. भिंतीवरून मला सगळं दिसत होतं. एकाच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता. सगळ्यात शेवटी ऑर्विलचा हात वर गेला, जड काहीतरी उचलल्यासारखा.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हाच्या एका रविवारी मला खिळ्यावरून काढलं. पाइन रस्त्यापासून जवळच, त्यामुळे सगळे म्हातारे घडीच्या खुर्च्या घेऊन आले. थर्मास आले, झाकलेली भांडी आली, गाजर घातलेली ती थरथरणारी जेली आली. लग्नाला यावं तसे आले.

पास्टरनं झाडाचे आभार मानले. "तू आम्हाला सावली दिलीस," म्हणाला. मारायच्या आधी बकऱ्याला घास भरवावा तसं.

रागना खडकावर बसली होती, वाटेच्या कामाची पिशवी मांडीवर घेऊन.

"झाडाला मिठी मारायला आलीस वाटतं," डेलमरनं टोमणा मारला.

"नाही. बघायला आले. तुम्ही सगळे बुटांकडे बघणार, ठाऊक आहे मला. कुणीतरी वर बघायला हवं."

"ऑर्विल, कुठून घालायची ते तू सांग," डेलमर वळून म्हणाला. "तू लाकूडतोड्याचा मुलगा."

ऑर्विलनं मान वर करून शेंड्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. पाइन सरोवराच्या दिशेनं झुकलेला आहे, हे वासरालाही दिसेल. ऑर्विलनं काठी उचलली आणि नेमकी त्या झुकल्या बाजूला टेकवली.

"इथून. कुऱ्हाड नको. नुसती करवत."

मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. झाड ज्या बाजूला कललेलं असतं तिथं आधी कुऱ्हाडीनं मोठा घास काढतात. तो न काढता नुसती करवत घातली तर झाडाचं सगळं ओझं खाचेवर येतं, खाच मिटत जाते आणि करवत आत धरली जाते. हे हॉल्वरच्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होतं.

एका मुठीला स्टुलावर बसून ऑर्विल, दुसऱ्या मुठीला पास्टर. पास्टरनं आयुष्यात पहिल्यांदा करवत धरली होती. त्यानं ढकललं. अर्थात ढकललं. मी वाकले, थरथरले, किंचाळले. ऑर्विल मात्र ओढायचं नाटक करत होता. ज्या हातानं मला निम्मं आयुष्य ओढलं तो हात मला कळणार नाही? त्यात जोर नव्हता. तो फक्त माझ्याबरोबर येत-जात होता.

दात सालीतून आत गेले, पांढऱ्या लाकडात शिरले. ओला भुसा पडला. पाइनचा चीक सुटला, घर्षणानं अर्डिसचा तेलरंग तापून मऊ झाला आणि दोन्ही एकमेकांत कालवले गेले. खळ झाली. पात्याची निम्मी रुंदी आत गेल्यावर झाडानं वरून एक श्वास सोडल्यासारखं केलं आणि खाच मिटली.

पास्टरनं ओढलं. ढकललं. पाय रोवून ओढलं. डेलमर कोट काढून आला, लाल झाला, परत जाऊन बसला. माझ्यावरचा सूर्यास्त सालीला फासला गेला होता आणि लून पक्ष्याची मान भुशात पडली होती.

"वेगळंच झालं हे," खुर्च्यांतून कुणीतरी म्हणालं.

"तुझ्या पिशवीत पाचरी आहेत ना?" डेलमरनं रागनाला विचारलं. "दोन पाचरी ठोकल्या की खाच उघडेल."

"आहेत."

"मग दे."

"नाही."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. इतका लहान शब्द, पण त्या जागेत तो फार दिवसांत कुणी उच्चारला नव्हता.

रागना खडकावरून उतरली ती थेट ऑर्विलसमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही मुद्दाम केलंत."

ऑर्विल माझ्या मुठीवरचा भुसा अंगठ्यानं पुसत राहिला.

"झुकलेली बाजू दाखवलीत. मला हे तुम्हीच शिकवलंय, ऑर्विल. नको होतं तर तळघरात का नाही बोललात? इतक्या वर्षांच्या झाडाच्या अंगात लोखंड घातलंत, पण तोंडातून एक शब्द नाही काढलात? करवतीला बोलायला लावलंत?"

"अगं, म्हाताऱ्या माणसाशी असं बोलतात का?" अर्डिस उठली.

"म्हातारं होणं म्हणजे सुट्टी नव्हे, आजी! तुम्ही शपथ घेतलीत. आम्ही वाट साफ करतो, डास आम्हाला खातात, आणि तुम्ही सगळे इथं खुर्च्या मांडून या झाडाचा मुडदा पाडायला आलात, जेली घेऊन!"

दलदलीतून एक बेडूक ओरडला.

मग ऑर्विलनं माझ्या मुठीवरचा हात काढला. "नाही," तो म्हणाला. दाढ उपटताना यावा तसा तो शब्द आला. "मला रस्ता नको होता. विचारलंत तेव्हा सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. आता सांगतो. नको. माझ्या नावाचं बाकसुद्धा नको."

"मलाही नको होता," अर्डिस म्हणाली.

"मग हात कशाला वर केलास?"

"तुझ्या गुडघ्यांसाठी!"

"माझ्या गुडघ्यांनी तुझ्याकडे अर्ज केला होता?"

"मला तर वाटलं पास्टरना वाईट वाटेल," डेलमर पुटपुटला.

पास्टर खाली गवतावर बसला, चिकानं माखलेले हात तसेच पुढे धरून. "म्हणजे एकालाही हवा नव्हता?" त्यानं एकेका खुर्चीकडे बघितलं. एकेक मान हलली. "देवा. मला स्वतःला ते कर्णे, त्या गाड्या मुळीच आवडत नाहीत. मला वाटलं तुम्हाला हव्यात."

ऐकलंत? हॉल्वरच्या पिढीनं रानं तोडली ती निदान हवी होती म्हणून. हे झाड मात्र कुणालाच नको असलेल्या गोष्टीसाठी पडणार होतं. मोठं पाप करायला दुष्ट माणसं लागत नाहीत. भिडस्त माणसं पुरतात.

"बरं, मग आता तरी पाचरी दे," डेलमर म्हणाला. "तिला काढू या."

"काढून कुठं न्यायची? भिंतीवर?" रागना म्हणाली. "परत कुणीतरी रंगवेल. परत नवा पास्टर, नवी कल्पना, परत तुम्ही वड्या कापत बसाल. राहू दे तिला इथंच. दोन्ही मुठी बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी."

"झाड मरेल गं," अर्डिस म्हणाली.

ऑर्विलनं खाचेवर तळवा ठेवला. "नाही मरणार. जखम उथळ आहे. चीक धरेल, साल येईल, हळूहळू गिळून टाकेल तिला." मग तो म्हणाला, "राहू दे."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पहिल्याच खेपेला हो म्हटलं असतं.

वाटेच्या तोंडाशी चर्चच्या होड्या लाकडी घोड्यांवर पालथ्या घातलेल्या असतात. रागनानं त्यांतली एक सुलटी केली. "ऑर्विल, सरोवरावर यायचंय?"

सगळे थांबले. आता तो 'नको' म्हणणार, मग 'कशाला उगाच', मग तिसऱ्यांदा कुठं गाडी रुळावर यायची. अर्डिस तर परत विचारायला तोंड उघडून बसली होती.

"हो," ऑर्विल म्हणाला.

इथं माणसं होडी वाहून नेतात. त्या दिवशी होडीत माणूस होता. पुढे पास्टर आणि रागना, मागे डेलमर, बाजूंना जे उभे राहू शकत होते ते. पाइनला वळसा घालताना होडी तिरकी झाली, एक बाजू खडकाला घासली.

"वजन काही कमी नाही हो याचं!" डेलमर धापा टाकत म्हणाला.

"ओढा!" होडीतून ऑर्विल ओरडला. "ढकलू नका!"

थोड्या वेळानं सरोवराच्या बाजूनं गाणं ऐकू आलं. चार आवाजांत. दोन बेसूर.

त्याला आता काही उन्हाळे झाले. चिकानं माझ्याभोवती पिवळी कड धरलीय, वरून साल ओठ मिटल्यासारखी खाली येतेय. दात कधीच आत गेले. त्यांना आता कानस लागणार नाही. रंग पावसानं धुऊन नेला. फक्त उजव्या मुठीजवळ नारिंगीचा एक टवका उरलाय, नखाएवढा. डाव्या मुठीवर एक पक्षी बसतो आणि कोंबड्या करायच्या तेच करतो. चालायचंच.

रागना उन्हाळ्यात येते, गंजकी बहीण खांद्यावर टाकून. आता तिच्यामागे पास्टर असतो, डेलमरसुद्धा असतो, कण्हत-कुथत. तळघरात नव्या कल्पना अजून निघतात म्हणे, मध्येच एकदा कुणी सरोवरावर तरंगतं व्यासपीठ हवं म्हणालं होतं. तेव्हा अर्डिसनं सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "नाही." वडी कापलीच नाही. अख्खी उचलून खाल्ली.

एक हॉटेलवालाही येऊन गेला. नवा, चकचकीत बुटांचा. त्यानं खडक मोजला, दलदल मोजली, मग मला बघितलं आणि टेप गुंडाळून ठेवली.

तुम्हीही या. चालत या, चालवत नसेल तर तसं तोंडानं सांगा; उचलून नेणारे हात इथं आहेत. पण रस्ता घेऊन येऊ नका. आणि आलातच, तर लपूनछपून काही नाही, मी इथंच समोर आहे. धरा माझी मूठ. फक्त एवढं ध्यानात ठेवा, मला दोघं लागतात. एका बाजूला तुम्ही असाल. दुसऱ्या मुठीला हात लावणारं इथं आता कुणी राहिलेलं नाही.